जावयाला दिलेलं काम

जावईबापू, तेवढा ओटा—

एवढंच वाक्य शामलाबाई भोयर रोज सकाळी मनात जुळवायच्या आणि एवढ्यावरच ते मोडायचं. पुढचे शब्द येत नव्हते असं नाही. पुढचे शब्द भरपूर होते, त्यातले काही तर ट्रक ड्रायव्हरांकडून कानावर पडलेले होते. पण वाक्याच्या सुरुवातीलाच ‘जावईबापू’ येऊन बसायचा, आणि तो बसला की मागचे सगळे शब्द उठून उभे राहायचे. पदर सावरून, गप्प.

वाडीत, अमरावती रोडच्या गोडाऊनांच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. घरात स्वयंपाकघर. आता त्याला स्वयंपाकघर म्हणायचं तर म्हणा. मधली भिंत गेलेली. ओटा गेलेला. खिडकी चौकटीसकट काढलेली आणि तिथे सिमेंटचं रिकामं पोतं टांगलेलं. नळाला कापड गुंडाळलेलं. आणि भिंतीवर ओट्याची नुसती रेघ: रेघेच्या वर इतक्या वर्षांच्या फोडण्या, पिवळ्या-तपकिरी, रेघेच्या खाली भिंत कोरी.

शामलाबाई त्या रेघेसमोर जाऊन उभ्या राहायच्या. रेघ बरोबर त्यांच्या कोपराच्या खाली यायची. ओटा नव्हता, तरी हात सवयीने तिथेच टेकायला जात आणि टेकायला काही नसल्यामुळे पुन्हा वर येत.

बुटक्याच होत्या त्या. मुलगी वैभवीही नेमकी तेवढीच. मायलेकी एकमेकींचे ब्लाउज घालत, आणि फळीवरच्या डब्यापर्यंत दोघींचाही हात सारखाच पुरत नसे.

*

ठेकेदाराचे दोन फोन होते.

ठेकेदार म्हणजे धर्मेंद्र लांजेवार. धर्मेंद्र म्हणजे वैभवीचा नवरा. म्हणजे जावईबापू. माणूस एकच, खिसे दोन, फोन दोन. शामलाबाईंच्या मोबाइलमध्ये एक नंबर ‘जावईबापू’ नावाने होता आणि दुसरा ‘धर्मेंद्र काम’.

‘जावईबापू’ पहिल्या रिंगला उचलायचा.

“बोला मामी! जेवले का? मामाजींचं बीपी कसं आहे? उन्हात निघू देऊ नका त्यायले.”

‘धर्मेंद्र काम’ वाजायचा. वाजत राहायचा. मग एक बाई हिंदीत सांगायची की समोरचा माणूस व्यस्त आहे, आणि तीच गोष्ट इंग्रजीत पुन्हा सांगायची, म्हणजे शंका नको.

एकदा शामलाबाईंनी धीर करून पहिल्याच नंबरवर विषय काढला होता. “जावईबापू, तो मिस्त्री—”

“मामी, ते कामाच्या नंबरवर मारा ना. तिथं माह्यं सगळं लाइनीत असते. या नंबरवर तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

आशीर्वाद दिला त्यांनी. काय करणार?

*

हे काम जावयाला द्यायचं, हे त्यांच्या नवऱ्याने ठरवलं. मधुसूदनराव ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून रिटायर झालेले, स्वभावाने इतके मऊ की दुधवाल्याने पाणी घातलं तर हे दुधालाच दोष देतील.

“घरचा माणूस सोडून बाहेरच्याले काम देलं, तर ईनबाई काय म्हणतीन?” ते म्हणाले होते. “जावई ठेकेदार, अन् सासऱ्याच्या घरी दुसऱ्याचा मिस्त्री! चांगलं दिसते का?”

“अन् काम बिघडलं तर? त्याले ओरडता येईन का तुमच्यानं?”

“ओरडायचं काहून? जावई आहे तो.”

“तेच तर म्हणून राहिली मी.”

पण ‘तेच’ काय ते मधुसूदनरावांपर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तरी त्यांनी त्याला पाटावर बसवून चहा दिला असता.

वैभवीचाही फोन आला होता, खापरखेड्याहून. आवाज खाली.

“आई, बाहेरच्याले दे वं.”

“काहून?”

“देऊन टाक. काहून-बिहून नको विचारू.” मग तिकडे कोणीतरी खोलीत आलं असावं, कारण वैभवी एकदम मोठ्याने म्हणाली, “हाव, कैरीचं लोणचं पाठव, आईंना लय आवडते!”

आई म्हणजे सासू, रुखमाबाई. शामलाबाईंनी लोणचं पाठवलं. आणि काम जावयाला दिलं.

*

तोडणं मात्र काय झकास झालं!

अक्षय तृतीयेचा मुहूर्त. हातोड्याला कुंकू, भिंतीला नारळ. धर्मेंद्रने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून पहिला घाव स्वतः घातला आणि त्याचा व्हिडिओ काढून घेतला. मग त्याची माणसं भिंतीवर तुटून पडली. दुपारचा चहा होईपर्यंत भिंत खाली, ओटा खाली, सिंक अंगणात उलटं पडलेलं आणि जावईबापू धुळीने माखलेल्या मिशांतून हसत म्हणतायत, “पाहा मामी, कसं मोकळं-मोकळं झालं!”

मोकळं झालं होतं, यात वाद नाही.

माणसं संध्याकाळी गेली. त्यांच्यामागे एक घमेलं राहिलं, आणि ते कोणी न्यायलासुद्धा आलं नाही.

*

आता सांगायला हवं की एका ओट्यासाठी एवढा जीव का खाली-वर व्हावा.

शामलाबाई डबे देत. वैभवी शाळेत होती तेव्हापासून. गोडाऊनमधले हमाल, मालाची बिल्टी लिहिणारे, गाडी खाली होईपर्यंत अडकून पडलेले ड्रायव्हर. पोळ्या, भाजी, वरण-भात, गुरुवारी झुणका. मधुसूदनरावांची पेन्शन औषधांत जाई; घर डब्यांवर चाले, आणि वैभवीचं लग्नसुद्धा डब्यांनीच लावून दिलं होतं, हे मधुसूदनराव सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

हिवाळ्यात शेजारच्या मोठ्या गोडाऊनचा सुपरवायझर येऊन म्हणाला, “मावशी, जागा मोठी करा. आमच्या सगळ्या माणसायचे डबे तुमच्याकडंच लावतो.” या सुपरवायझरला सगळे गोलू म्हणत. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं, मुलगी बारावीत, पण नाव गोलू ते गोलूच.

म्हणून भिंत पाडायची. म्हणून लांब ओटा. दोन शेगड्या शेजारी-शेजारी, पोळ्यांना वेगळी जागा. शामलाबाईंनी तो ओटा मनात इतक्यांदा पुसला होता की खरा यायच्या आधीच तो चकचकीत झाला होता.

आणि आता त्या समोरच्या ओसरीवर, जुन्या कपाटाचं दार आडवं लावून, त्याच्या आडोशाला शेगडी पेटवत होत्या. रस्त्यावरून ट्रक गेला की आधी कणकेचं ताट झाका. मग वारा आला की ज्योतीला हात. मग पुन्हा ट्रक. नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस. वारा असा, की कोणी भट्टीचं दार उघडून विसरून गेलंय.

एक ड्रायव्हर डबा परत द्यायला आला. मूठ उघडली आणि ओसरीच्या कठड्यावर एक खडा ठेवला, भातात निघालेला. आणि गेला.

तो खडा शामलाबाईंनी फेकला नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गोलू म्हणाला, “मावशी, मले समजते. पण शेठले नाही समजत. चौकात नवा मेसवाला आला, तो रोज येऊन बसते ऑफिसात. हा धोंड्याचा महिना सरेपर्यंत मी थांबवून ठेवतो त्यायले. त्याच्यापुढं माह्या हातात नाही.” मग आत डोकावून त्याने मान हलवली. “हे ठेकेदार लोकं आधी तोडूनच ठेवतात. तोडलेलं घर दुसरा ठेकेदार हातात नाही घेत ना. गिऱ्हाईक जाईन कुठं? कोण आहे तुमचा?”

“आहे एक,” शामलाबाई म्हणाल्या.

जावईबापू, लोकं खडे आणून देऊन राहिले, तुम्ही—

*

यंदा ज्येष्ठ दोनदा आला होता. पहिला अधिक. तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना: जावयाला लेकीसकट जेवायला बोलवायचं, पुरण भरून वाफवलेले धोंडे तुपाच्या धारेत वाढायचे, तांब्याच्या ताटात अनारसे घालून वर दिवा ठेवून वाण द्यायचं. लक्ष्मी-नारायणाची जोडी म्हणून पाया पडायचं. वयाने लहान असला तरी.

याच महिन्यात धर्मेंद्र एकदा येऊन गेला. आंब्यांची पेटी घेऊन. त्याला कूलरसमोर बसवलं. मधुसूदनरावांनी कूलरचं तोंड स्वतःकडून त्याच्याकडे वळवलं.

तो उठून स्वयंपाकघरात गेला, मोबाइलची टॉर्च लावून वर पाहिलं, खाली पाहिलं, पायाने एक वीट सरकवली.

“हे तर काहीच नाही. दोन दिवसायचं काम आहे.”

“हो ना,” मधुसूदनराव म्हणाले.

“पण मामी, आता अधिक महिना लागला. अधिकात ओटा नाही बसवत. चूल मांडायचं शुभ काम. तुम्ही तर जाणताच.”

शामलाबाई मान हलवून ओसरीवर चहा ठेवायला गेल्या. उपासतापास, मुहूर्त सगळं मानणाऱ्या बाई. एवढं ऐकून क्षणभर त्यांना वाटलं, बरोबरच बोलतोय.

चहा उकळत होता. आतल्या खोलीत दुसरा फोन वाजला, कामाचा, आणि तो पहिल्या रिंगला उचलला गेला.

“बोला साहेब! … नाही नाही, टेन्शन नका घेऊ. मिस्त्री उद्या तुमच्याकडंच. तुमचा किचनचा ओटा या हप्त्यात बसवून देतो. … अहो, सासूच्या घरचं काम अडवून तुमच्याकडं माणूस देऊन राहिलो, आता बोला! … नाही हो, ते काय बोलतीन? घरचे लोकं आहेत.”

आणि हसला. वाईट हसणं नव्हतं. आपल्या चांगुलपणावर माणूस हसतो तसं.

चहा उतू गेला. शेगडी विझली. शामलाबाईंनी ती पुन्हा पेटवली, पुन्हा पाणी, पुन्हा साखर, आलं जरा जास्तच ठेचलं.

तुमच्या त्या साहेबाच्या घरी अधिक महिना नाही लागत का—

चहा दिला. कप खाली ठेवताना बशी वाजली. बाकी काही वाजलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला तो तिसऱ्याच नंबरवर. रुखमाबाईंना, विहिणीला.

“ईनबाई, रविवारी धोंड्याचं जेवण ठेवलं. जावईबापू, वैभवी अन् तुम्ही. तुमच्याबिगर नाही चालत.”

रुखमाबाई खूश. “मी तर याले कव्हाची म्हणून राहिली, सासरवाडीचं आवतन अजून नाही आलं! येतो ना. नवीन किचनबी पाहून होते. धर्मेंद्र सांगत होता, लय मस्त ओटा बसला म्हणे!”

शामलाबाई फोन कानाला लावून त्या रेघेकडे पाहत राहिल्या.

“या,” त्या म्हणाल्या. “पाहून घ्या.”

मधुसूदनरावांना घाम फुटला. तसा तो नवतप्यात सगळ्यांनाच फुटलेला होता, पण यांचा वेगळा. “अवं, स्वयंपाक करशीन कुठं? एखादा हॉल पाहू. नाहीतर हॉटेलातून धोंडे मागवू.”

“हॉटेलात धोंडे कोण करते? अन् आपल्या घरची रीत विसरले का? जावयाचं धोंड्याचं ताट चुलीसमोर मांडतात. तुमच्या आईनं तुमच्या बहिणीच्या नवऱ्याले चुलीसमोरच बसवलं होतं. मी वाढलं होतं.”

“पण चूल कुठं आहे?”

“जागा तर आहे ना.”

ते बघत राहिले. बायकोचा हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, किंवा ऐकून विसरले होते.

मग शनिवारी वैभवीचा फोन. न्हाणीघरातून करत असावी. आवाज घुमत होता.

“आई, तू काय करून राहिली? आईंना इथं सगळं माहीत नाही. काम यायनंच घेतलं, हेबी नाही.”

“मी त्यायले जेवाले बोलावलं. बस.”

“तू तिथं एक शब्द काढशीन, अन् मले इथं वर्षभर ऐका लागीन. तुया ओट्यापायी माह्यं घर—” ती थांबली. “तुले माहीत नाही वं. ते वाईट नाहीत. पण कोणी चारचौघांत बोललं ना, की ते घरात येऊन भिंतीसारखे होतात. दिवस-दिवस बोलत नाहीत.”

“तू सांगतलं होतं बाहेरच्याले दे म्हणून.”

“सांगतलं होतं ना.”

“तव्हाच ऐका लागत होतं.”

पाणी वाहत असल्याचा आवाज. मग वैभवीने विचारलं, “डबे किती राहिले?” आणि शामलाबाईंनी सांगितलं नाही, आणि वैभवीला ते समजलं.

ती रात्र शामलाबाईंनी कूस बदलत काढली असं म्हणता येईल, पण खरं म्हणजे त्या सकाळीच जास्त तळमळल्या, पुरण शिजत असताना. एकीकडे डबे, दुसरीकडे लेक. पुरण ढवळताना चमचा एका बाजूने फिरवला की वाटे बोलायचंच. दुसऱ्या बाजूने फिरवला की वाटे, जाऊ दे. चौकातला मेसवाला घेईल डबे. लेक कोण घेईल परत?

आणि जावयाला बोलायचं नाही, ते नाहीच. ते त्यांच्याने झालंच नसतं. जीभ तशी घडलीच नव्हती.

पुरण लागलं नाही खाली. एवढी तरी कृपा.

*

रविवारी भर दुपारी पाहुणे आले.

धर्मेंद्र नव्या कुडत्यात. वैभवी हिरव्या साडीत, आईकडे न बघता. रुखमाबाई मोठ्या, भरलेल्या, आवाजाने घर दणाणून सोडणाऱ्या. उंबऱ्यातून आत येतानाच त्यांनी विचारलं, “कुठं आहे तुमचा नवा ओटा?”

“चला ना, पानं तिथंच मांडली.”

पानं तिथंच मांडली होती. मलबा शामलाबाईंनी पहाटेच हाताने एका कोपऱ्यात ढकलला होता आणि मोकळ्या जमिनीवर शेणाचा हात फिरवला होता. मध्ये पाट. पाटाभोवती रांगोळी, बारीक, सुबक, कमळं-बिमळं काढलेली. पाटासमोर ती रेघ. डाव्या हाताला विटांचा ढीग, त्याच्यावर पाण्याचा तांब्या. खिडकीच्या जागेवरचं पोतं गरम वाऱ्याने आत येई, बाहेर जाई. कूलरची वायर इथपर्यंत पुरत नव्हती.

धर्मेंद्र दारातच थांबला.

“हे काय वं ईनबाई?” रुखमाबाई म्हणाल्या. “इथं?”

“आमच्याकडं धोंड्याचं ताट चुलीसमोर राहते,” शामलाबाई म्हणाल्या. “बसा जावईबापू.”

त्याचे पाय धुतले. कुंकू लावलं. तो बसला, बसावंच लागलं, शेजारी वैभवी. रुखमाबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या, पण त्यांचे डोळे बसेनात. भिंतीवरून छताला, छतावरून पोत्याला.

“धर्मेंद्र, तू तर म्हणत होता ओटा बसला म्हणून.”

धर्मेंद्रने धोंडा फोडला. वाफ निघाली. छतातून थोडी पांढरी माती भुरभुरली, नेमकी वरणात, आणि शामलाबाईंनी न बोलता ती वाटी उचलली, दुसरी ठेवली.

“कोणता ठेकेदार आहे हा?” रुखमाबाईंचा आवाज चढला. त्या खरोखर चिडल्या होत्या, विहिणीच्या बाजूने चिडल्या होत्या. “बाईमाणसाचं घर उघडं टाकून पळून जाते! तू पाहत नाही का रे? सासू आहे तुही! कोणाले देलं होतं काम?”

मधुसूदनरावांना ठसका लागला. वैभवीने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते आई सोडून कोणाला कळलं नसतं. नको, असं होतं. आणि कर एकदाचं, असंही होतं.

धर्मेंद्रच्या कपाळावरचं कुंकू घामाबरोबर नाकावर उतरलं होतं.

शामलाबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. हात पुसले. कमरेला खोचलेला मोबाइल काढला आणि ‘धर्मेंद्र काम’ लावला.

कुडत्याच्या डाव्या खिशात गाणं वाजायला लागलं.

गाणं वाजतंय. धर्मेंद्रने उजव्या हातातला घास ताटात ठेवला, डाव्या हाताने फोन काढला, स्क्रीन पाहिली, आणि समोर पाहिलं. समोर, चार हातांवर, सासू फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी.

“मामी, मी इथंच—”

“उचला,” वैभवी हळूच म्हणाली.

त्याने उचलला.

“हॅलो,” शामलाबाई म्हणाल्या. भिंतीला. “लांजेवार ठेकेदार का?”

“…हाव.”

“मी वाडीहून बोलून राहिली. भोयर. तुमचं एक काम चालू आहे आमच्याकडं. चालू म्हणजे, बंदच आहे.”

“हाव.”

“नंबर लागत नव्हता तुमचा. आज लागला. तर ऐका. तुम्ही एका दुपारी माह्यं स्वयंपाकघर तोडलं अन् गेले. त्याच्यानंतर मी ओसरीवर रांधून राहिली. ट्रकची धूळ अन् माह्या पोळ्या. लोकायच्या भातात खडे निघून राहिले. ठेवला आहे एक खडा, दाखवीन. तुम्ही म्हणता अधिक महिन्यात ओटा बसत नाही. त्या साहेबाच्या घरी या हप्त्यात बसते. त्यायचा अधिक महिना वेगळा आहे का?”

त्यांचं बोलणं खोलीत आणि धर्मेंद्रच्या फोनमध्ये एकाच वेळी ऐकू येत होतं. त्याचा एक बारीक प्रतिध्वनी येत होता.

“अन् तुम्ही त्या साहेबाले सांगतलं, घरचे लोकं आहेत, बोलत नाहीत. बरोबर सांगतलं. घरचे लोकं जावयाले नाही बोलत. ठेकेदाराले बोलतात. ऐकू येते का नीट?”

“येऊन राहिलं.”

“हे डबे माह्ये आहेत, ठेकेदार. कोणाच्या मेहेरबानीचे नाहीत. याच डब्यायवर मी लेक उजवली. धोंड्याचा महिना सरायच्या आत मले ओटा पाहिजे. नसन होत तर आताच सांगा. मी दुसरा माणूस पाहीन, त्याच्या हातापाया पडीन, पण ओटा करून घेईन.”

“होते.”

“काय होते?”

“ओटा होते. करतो.”

“आणखी एक.” इथे त्यांचा आवाज जरा हलला, पण भिंतीकडे तोंड होतं म्हणून चाललं. “हे माह्यं-तुमचं कामाचं बोलणं आहे. माह्या लेकीचं याच्यात काही नाही. हे घेऊन तुम्ही घरी जाऊन तिच्यासमोर भिंतीसारखे झाले, तर मी—”

खरं म्हणजे पुढे काय, ते त्यांनी ठरवलंच नव्हतं.

“तर मी रोज याच नंबरवर फोन करीन,” त्या म्हणाल्या. “ठेवते.”

ठेवला. कमरेला खोचला. पदर डोक्यावरून ओढून घेतला, वळल्या, तुपाची वाटी उचलली.

“जावईबापू, घ्या ना. अजून एक धोंडा घ्या. गरम आहे.”

धर्मेंद्रच्या डाव्या हातात फोन तसाच. उजवा हात ताटात. त्याने मान हलवली. हो का नाही, ते कळलं नाही, पण शामलाबाईंनी वाढला.

रुखमाबाईंना वाचा फुटायला तेवढाच वेळ लागला. “असं असते का वं? पाटावर बसलेल्या जावयाले?”

“ईनबाई, मी जावयाले एक तरी शब्द बोलली का? सांगा तुम्हीच.”

रुखमाबाईंनी तोंड उघडलं. आठवून पाहिलं. मिटलं. शब्द सापडत नव्हता, आणि तो सापडत नाही याचाच त्यांना जास्त राग आला. मुलाकडे पाहिलं, “अन् तू! ओटा बसला म्हणे!” आणि त्या उठून कूलरच्या खोलीत गेल्या. जेवल्या नाहीत.

वाणाचं ताट ओसरीवरच राहिलं. दिवा वाऱ्याने विझला होता. अनारशांवर बारीक धूळ.

जाताना वैभवी आईच्या पाया पडली. हात जरा जास्त वेळ पायांवर ठेवला.

*

मग काही दिवस कोणताच फोन वाजला नाही.

मधुसूदनराव घरात दबक्या पावलांनी फिरत, जणू कोणी आजारी आहे. “चांगलं नाही केलं,” असं ते एकदा म्हणाले, आणि एकदा, अनारसा खाता-खाता, “तसं पाहिलं तर जावयाले कुठं बोलली तू.” शामलाबाईंनी वैभवीचा नंबर काढला, पाहिला, ठेवला. काढला, ठेवला. भिंतीसारखा झाला असेल का? झालाच असेल. ओसरीवर ट्रक जात राहिले. त्या कणीक झाकत राहिल्या, उघडत राहिल्या.

मिस्त्री आला तो सांगून आला नाही. सकाळीच गाडीतून विटा, सिमेंट, काळ्या कडप्प्याच्या दोन लाद्या उतरल्या. मिस्त्रीने पोतं फाडून खिडकीत उजेड केला, विटा भिजवल्या, आणि रेघेशी येऊन अडला.

“बाई, उंची काय ठेवू? आजकाल सगळे उंच ठेवतात. ठेकेदार म्हणाले, थांब, मी विचारून सांगतो.”

“कोणाले विचारून?”

मिस्त्रीने खांदे उडवले.

तेवढ्यात कमरेला फोन वाजला. शामलाबाईंनी काढला. ‘धर्मेंद्र काम’. त्या नंबरवरून आलेला हा पहिलाच फोन.

“हॅलो. भोयर बाई का?”

त्या दोन पावलं मागे सरल्या. “हाव. बोला, ठेकेदार.”

“ते ओट्याची हाइट पाहिजे होती. तुमच्या मापाची.” आवाज कोरडा, कामाचा. “मिस्त्रीजवळ टेप नाही आज. विसरला.”

“तुम्ही येऊन घ्या माप.”

“येतो नंतर. आज नाही.” थोडा थांबला. “इथं घेतो ना. एक मिनिट धरा.”

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. भांड्यांचा आवाज. आणि लांबून त्याचा, पण दुसऱ्या नंबरवरचा वाटावा असा: “अवं, इकडं ये. उभी राहा. सरळ. चप्पल काढ, चप्पल! आईएवढीच आहे ना तू?”

“तेवढीच आहे.” वैभवी. “कोपराच्या खाली चार बोटं ठेवा. हसू नका.”

“मी कुठं हसून राहिलो?”

“हात हलून राहिला तुमचा.”

टेपची पट्टी सर्रकन बाहेर आली, थांबली, आणि खट्‌कन परत आत गेली.

“पुन्हा धरा,” वैभवी म्हणाली. “नीट.”

शामलाबाई फोन कानाला लावून रेघेसमोर उभ्या होत्या, कोपर तिथेच धरून, जणू माप त्यांचंच चाललंय. मागे मिस्त्री विटांवर पाणी मारत विचारत होता, “बाई, सांगा ना, किती?”

“थांब रे,” त्या म्हणाल्या. “घेऊन राहिले.”